मदत हवी आहे : कॉम्प्युटरवर हेडफोनचा आवाज सुधारायचा आहे, बजेट अडीच हजार

निवांत_नाही
मंडळी, कॉम्प्युटरला हेडफोन लावून गाणी ऐकतो. आवाज एकदम पोकळ, विहिरीतून आल्यासारखा, आणि मागे सतत किरकिर. साऊंड कार्ड घ्यावं, नवा हेडफोन घ्यावा की ते डॅक का काय म्हणतात ते? फार तर अडीच हजार घालू शकतो. शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाणार आहे, त्याआधी सांगा. बजेट वाढवा हा सल्ला कृपया नको.

तारसप्तक
अडीच हजारात काय येणार हो? थोडं बजेट वाढवाच. डॅक (डिजिटल फाईलचा आवाजाचा सिग्नल करणारा डबा) आणि ॲम्प (तो सिग्नल वाढवणारा) वेगवेगळे घ्या, गाणी फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काही न गाळणाऱ्या फाईलींत, २४ बिट १९२ किलोहर्ट्झची. एमपी३ ऐकणार असाल तर सगळंच पाण्यात.

जुना_वायरमन
डेस्कटॉप की लॅपटॉप? हेडफोन कुठला? पिन पुढे लावता की मागे? गाणं थांबवलं तरी किरकिर राहते का? हाच हेडफोन मोबाईलला लावून ऐकलात का? एवढं तरी लिहा, नाहीतर आम्ही अंधारात दगड मारणार.

निवांत_नाही
डेस्कटॉप. विंडोज १०. हेडफोन साधाच आहे. माझा प्रश्न काय घ्यावं हा आहे.

पर्वतीपायथा
काही घेऊ नका. इक्वलायझर एपीओ हे सूर कमी-जास्त करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, सोबत पीस हे त्याचं जोड-सॉफ्टवेअर टाका, म्हणजे सरकपट्ट्या दिसतात. ३ किलोहर्ट्झच्या आसपास दोन-तीन डीबी वाढवा, २०० हर्ट्झच्या आसपास थोडं कमी करा. माझा आठशेचा हेडफोन यावर असा वाजतो की पाहुणे किंमत विचारतात.

तारसप्तक
सॉफ्टवेअरने आवाज सुधारत नसतो, फक्त रंग बदलतो. आणि १९२ ची फाईल एकदा ऐकून बघा, मग बोला.

पर्वतीपायथा
सीडी ४४.१ किलोहर्ट्झला असते, त्याच्या निम्म्यापर्यंतचे सूर, म्हणजे २२ किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं तीत येतं. माणसाला ऐकू येतं २० पर्यंत, तेही तरुणपणी. चाळिशीनंतर त्यातलंही वरचं जातं. उरलेलं काय वटवाघळांसाठी?

औंधकर_काकू
कानात मळ साठला की असंच पोकळ ऐकू येतं. आमच्या ह्यांनी टीव्ही दुरुस्तीला काढला होता आणि निघाला मळ. आधी डॉक्टरांना दाखवा. घरी काडी घालू नका.

निवांत_नाही
काकू, कान ठीक आहेत. मोबाईलवर हाच हेडफोन झकास वाजतो. आणि अजून एक, जुनी गाणी जास्त खराब येतात. बालगंधर्वांची पदं तर जवळजवळ ऐकूच येत नाहीत, नुसती खरखर. नवीन गाण्यांत वाद्यं येतात पण गाणारा गायब.

पेठेतला_पाहुणा
जुनी रेकॉर्डिंगं तशीच असतात, तबकडीवरून उतरवलेली. आमच्याकडे आजोबांच्या एचएमव्हीच्या तबकड्या होत्या, भाऊ वेगळा झाला तेव्हा त्याने नेल्या. आता विचारलं तर म्हणतो माळ्यावर असतील. असो.

जुना_वायरमन
थांबा. मोबाईलवर झकास वाजतो हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतंत. हेडफोनला माइक आहे ना? पिनेवर काळ्या रेघा किती, दोन की तीन? आणि एक करून बघा : गाणं लावा आणि वायरवरचं माइकचं बटण दाबून धरा.

निवांत_नाही
आयला! बटण दाबलं की गाणारा हजर, सोडलं की गायब. रेघा तीन आहेत. पिन पुढे लावली आहे, कॅबिनेटच्या तोंडावर. हे काय प्रकरण आहे?

जुना_वायरमन
तीन रेघा म्हणजे पिनेचे चार भाग : डावा, उजवा, अर्थ (अर्थिंगमधला, दोन्ही कानांची सामाईक परतीची तार), माइक. तुमच्या कॅबिनेटचं भोक तीन भागांचं, त्याला माइक ठाऊकच नाही. ते अर्थऐवजी माइकच्या भागावर टेकतंय. अर्थ लोंबकळला की डाव्या-उजव्यातला फक्त फरक वाजतो, दोन्हीकडे जे सारखं असतं ते एकमेकांना मारतं. गाणारा बहुतेक वेळा मधोमध ठेवलेला असतो, म्हणून तोच जातो. बालगंधर्वांची रेकॉर्डिंगं मोनो, दोन्ही कानांत तेच, म्हणून तिथे काहीच उरत नाही. बटण दाबलं की माइक आणि अर्थ जोडले जातात, म्हणून गाणारा येतो. यात इक्वलायझर काय करणार आणि १९२ काय करणार?

किरकिर वेगळी. माऊस हलवला की तिचा सूर बदलतो का? पुढच्या भोकाची वायर कॅबिनेटच्या आतून मदरबोर्डपर्यंत जाते आणि वाटेत सगळा कचरा उचलते. मागचं हिरवं भोक वापरा.

निवांत_नाही
हो, स्क्रोल केलं की चिंचिं करतं. मग घेऊ काय?

जुना_वायरमन
स्प्लिटर. एक भोक, दोन पिना, हिरवी आणि गुलाबी. शे-दीडशेला मिळेल. दुकानदार घाईत असला की उलटा देतो, एक पिन आणि दोन भोकं, तो दोघांनी मिळून ऐकायचा. तो नको. हेडफोन सोबत न्या आणि तिथेच घालून बघा.

कोथरूडची_कैरी
नाहीतर यूएसबीचा छोटा डोंगल घ्या, म्हणजे यूएसबीत घालायचं चिमुकलं साऊंड कार्ड. ॲपलचा यूएसबी-सी वाला माझ्या पीसीवर ए-सी कनेक्टर लावून मस्त चालतो, चार भागांची पिन थेट जाते, किरकिरही गेली. हजाराच्या आसपास पडला. अँड्रॉइडवर मात्र बऱ्याच फोनांत आवाज बारीक येतो, म्हणून फोनसाठी घेऊ नका.

जुना_वायरमन
तोही चालेल. पण आधी दीडशेचा प्रयोग करा, किरकिर राहिली तर डोंगल.

पेठेतला_पाहुणा
शनिवारी तपकीर गल्लीत गाडी नेणार? दगडूशेठची गर्दी बघता का कधी? मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा.

औंधकर_काकू
मंडईत जाताच आहात तर पालेभाज्या बघा. स्वच्छ असतात हो हल्ली.

निवांत_नाही
आणला स्प्लिटर. पहिल्या दुकानात उलटाच दिला होता! मागे लावला, गाणारा आला, पदंही आली. किरकिर नव्वद टक्के गेली. पण मीटिंगमध्ये माझा आवाज समोर जात नाहीये.

जुना_वायरमन
गुलाबी पिन गुलाबी भोकातच आहे ना? शेजारचं निळं लाइन इनचं असतं. मग साऊंड सेटिंगमध्ये रेकॉर्डिंग टॅबवर जा, माइक डिफॉल्ट करा. माइक बूस्ट दहाच्या वर नेऊ नका, तीसवर ठेवलात तर तुमचा पंखासुद्धा मीटिंगला बसेल.