तातडीची मदत हवी: लॉक लावूनही एकच टोकन दोघांना जातंय

खाडीकाठचा
मंडळी, अक्षय्य तृतीया परवावर आलीय आणि मी देव पाण्यात घालून बसलोय. आंब्याच्या पेट्यांच्या बुकिंगचा प्रोग्राम मीच लिहिलाय, पायथनमध्ये. एकच टोकन नंबर दोन गिऱ्हाइकांना जातो. दिवसाला दोन-तीनदा होतं, जास्त नाही. काल एक काका पुण्याहून गाडी घेऊन आले, तर त्यांची पेटी सकाळीच दुसऱ्याने उचललेली. ते काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.
लॉक लावलेलं आहे, म्हणजे नंबर देताना एका वेळी एकालाच आत सोडायचं. लॅपटॉपवर हजार बुकिंगं ठोकून बघितली, एकदाही चुकलं नाही. सर्व्हरवर कोडमध्ये प्रिंटच्या ओळी टाकून शोधायला गेलो की चूक गायब, प्रिंट काढले की परत हजर. गेल्या वर्षी हाच कोड अख्खा सीझन चालला. "तयार सॉफ्टवेअर विकत घ्या" हा सल्ला नको.

सुरमई फ्राय
रुमाल टाकून ठेवतो. देवगड की रत्नागिरी?

जुनाट प्रोग्रामर
कोड कुठे आहे? डेटाबेस कोणता? लॉक म्हणजे नेमकं कसलं लॉक? एका वेळी किती काउंटर बुकिंग घेतात? "लॉक लावलंय" म्हणजे डॉक्टरला "औषध घेतलंय" सांगण्यासारखं आहे.

खाडीकाठचा
पोस्टग्रेस. काउंटर तीन, शिवाय वेबसाइट. लॉक म्हणजे साधं थ्रेडिंगचं लॉक. आत शेवटचा टोकन नंबर वाचतो, एक मिळवतो, लिहितो. बास. यात चुकायला आहे काय?

गंज चढलेला
पायथनमध्ये असल्या गोष्टी करूच नयेत. रस्ट भाषेत लिहा, डेटा रेस (दोघांनी एकदम एकाच डेटात हात घालणं) कंपायलरच पकडतो.

जुनाट प्रोग्रामर
@गंज चढलेला, प्रत्येक धाग्यावर तेच. रस्ट एका प्रोग्रामच्या मेमरीतला डेटा रेस अडवतो. इथे नंबर डेटाबेसमध्ये आहे. दोघांनी आधी वाचला आणि मग दोघांनी लिहिला, तर रस्टला त्यातलं काही कळत नाही. आणि परवापर्यंत रस्ट शिकणार कोण, आंबे?

गंज चढलेला
मी दीर्घकालीन उपाय सांगत होतो.

लाल माती
धागाकर्ते, गेल्या वर्षी चालत होतं म्हणता. मग मधे काय बदललं?

खाडीकाठचा
काही नाही बदललं. सांगितलं ना, हाच कोड.

बंदरावरून
अरे, तुमच्या मशिनांची घड्याळं बघ आधी. आमच्याकडे वळवाच्या पावसात लाईट गेली की जुना पीसी सन २०१० मध्ये जातो. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो. चाळीस-पन्नास रुपयांत मिळतो, घरी बदलता येतो, फक्त आधी प्लग काढ.

खाडीकाठचा
घड्याळाचा टोकनशी काय संबंध?
बघितलं. देवगडचा पीसी सात मिनिटं मागे आहे. तरीच लॉगमध्ये (प्रोग्रामच्या नोंदवहीत) गिऱ्हाइकाला टोकन आधी मिळालंय आणि मागणी नंतर आलीय. दोन रात्री मी त्या लॉगवर डोकं आपटतोय.

जुनाट प्रोग्रामर
चूक त्यामुळे होत नाही, पण शोध त्यामुळे भरकटतो. वेगवेगळ्या मशिनांच्या घड्याळांवरून आधी काय आणि नंतर काय ते ठरवू नये. लेस्ली लॅम्पोर्टने १९७८ साली यावरच निबंध लिहिला. साधा उपाय कर: काउंटरवरून निघणाऱ्या प्रत्येक मागणीला एक क्रमांक दे आणि तो क्रमांक सगळ्या लॉगमध्ये छाप. मग वेळ न बघता एकेक मागणी धरून बघता येते.
आणि लाल मातीच्या प्रश्नाचं खरं उत्तर दे. सर्व्हर तोच आहे का?

खाडीकाठचा
सर्व्हर नवीन घेतला मार्चमध्ये. तो काही कोडमधला बदल नाही ना. साइट हळू चालायची म्हणून एका व्हिडिओत बघून गनिकॉर्न लावलं, ते एकाच प्रोग्रामच्या अनेक प्रती एकदम चालवतं. चार वर्कर.

लाल माती
मिळाला चोर.

जुनाट प्रोग्रामर
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंस तर काकांचं बोलणं वाचलं असतं. थ्रेडिंगचं लॉक एका प्रोसेसपुरतं, म्हणजे प्रोग्रामच्या एका चालू प्रतीपुरतं असतं. चार वर्कर म्हणजे चार प्रोसेस, प्रत्येकाचं लॉक वेगळं. कोठीला चार दारं आहेत आणि प्रत्येक जण फक्त आपल्या दाराला आतून कडी लावून निर्धास्त बसलाय. लॅपटॉपवर एकच प्रोसेस होती आणि गेल्या वर्षी सर्व्हरवरही एकच असणार, म्हणून निभावलं.
प्रिंटने चूक लपते कारण प्रिंटला वेळ लागतो आणि दोन वर्करांची गाठ पडण्याचा क्षण हुकतो. असल्या चुकीला हायझेनबग म्हणतात.
माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, करून बघ. नंबर वाचल्यावर आणि लिहायच्या आधी दोन सेकंदांचा स्लीप (मुद्दाम थांबणं) टाक, चार वर्कर लॅपटॉपवर चालव आणि दोन फोनवरून एकदम बुकिंग कर.

बंदरावरून
हेच खरं. नासाचं पाथफाइंडर १९९७ मध्ये मंगळावर उतरलं आणि मधेच आपोआप रिसेट व्हायला लागलं. इथे जमिनीवर तसलंच मशीन होतं, त्यावर तीच अवस्था मुद्दाम घडवून आणली, तेव्हा कळलं की कमी महत्त्वाच्या कामाने धरलेल्या लॉकसाठी महत्त्वाचं काम खोळंबत होतं. चूक हुकमी घडवता आली की अर्धं काम झालं.

सुरमई फ्राय
मंगळावर पोचलात, पण देवगड की रत्नागिरी ते सांगत नाही कोणी.

लाल माती
@सुरमई फ्राय, हापूसचा जीआय (भौगोलिक मानांकन) २०१८ मध्ये मिळाला तो रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर सगळ्यांना मिळून. भांडण मिटलंय.

सुरमई फ्राय
कागदावर मिटलंय. जिभेवर नाही.

खाडीकाठचा
स्लीप टाकला. पहिल्याच फटक्यात दोन्ही फोनवर ४१२. हसू की रडू कळेना. आता उपाय सांगा, वेळ नाही.

आजोळ मालवण
रे बाबा, एकच वर्कर ठेव नि मोकळो हो. सीझन संपलो की काय ता बघ.

लाल माती
पोस्टग्रेसचा सिक्वेन्स वापरा, त्यात पुढचा नंबर डेटाबेसच देतो. दोघांना एकच नंबर कधीच देत नाही.

खाडीकाठचा
सिक्वेन्समध्ये बुकिंग होता होता मधेच फसलं की नंबर गळतो. ४१२ नंतर थेट ४१४ आला की लोक विचारतात, ४१३ कोणाच्या पाव्हण्याला दिलात?

जुनाट प्रोग्रामर
मग वाचणं आणि लिहिणं वेगळं ठेवूच नकोस. एकच अपडेट: नंबर बरोबर नंबर अधिक एक, आणि रिटर्निंगने नवा नंबर त्यातूनच घे. बुकिंगची नोंदही त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. दुसरा वर्कर त्या ओळीवर थांबतो आणि पहिल्याचं कमिट (पक्कं) झाल्यावर नवा आकडा घेऊन पुढे जातो. बुकिंग मधेच फसलं तर आकडाही मागे येतो. शिवाय टोकनच्या कॉलमला युनिक लाव, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा बसणारच नाही. मग राहिलेली चूक गिऱ्हाइकासमोर न होता तुझ्यासमोर होईल.

लाल माती
त्यापेक्षा सिलेक्ट फॉर अपडेट (वाचतानाच ओळ धरून ठेवणं) सरळ आहे. वाचायला सोपं.

जुनाट प्रोग्रामर
चालेल, पण खाडीकाठचा सवयीने पेट्यांच्या शिलकीलाही तेच लावणार. एका ऑर्डरने पाच डझनाची ओळ धरून सहा डझनाची मागितली, दुसरीने उलट क्रमाने धरलं, की डेडलॉक. अरुंद रस्त्यावर समोरासमोर आलेल्या दोन एसट्या, मागे कोणी घेत नाही. पोस्टग्रेस साधारण सेकंदभर वाट बघून तपासतो आणि एकीचं ट्रान्झॅक्शन मोडतो. म्हणून सगळीकडे ओळी एकाच क्रमाने धरायच्या.

खाडीकाठचा
अपडेट आणि युनिक दोन्ही केलं. स्लीप ठेवूनच शंभर बुकिंगं केली, शंभर वेगळे नंबर. सर्व्हरवर चढवलं.
पण आज सकाळी नवीनच. एकाच बाईंच्या नावावर दोन टोकनं, ४२० आणि ४२१. त्यांनी एकदाच फोन केला होता.

जुनाट प्रोग्रामर
कुठल्या काउंटरवरून? तिथलं नेट जातं का?

खाडीकाठचा
देवगडचा काउंटर. नेट तर जातंच, ते काय सांगायचं.

जुनाट प्रोग्रामर
ते सांगायचं रे! मागणी पोचली, बुकिंग झालं, उत्तर येताना नेट गेलं. काउंटरवरच्या पोराने परत बटण दाबलं. सर्व्हरच्या दृष्टीने या दोन वेगळ्या मागण्या. मघाशी मागणीला क्रमांक दे म्हटलं होतं, तोच बुकिंगच्या टेबलात ठेव आणि त्यालाही युनिक लाव. परत पाठवताना क्रमांक जुनाच जायला हवा. तो आधीच असेल तर जुनंच टोकन परत द्यायचं.

खाडीकाठचा
दिला होता. पण पेज रिफ्रेश झालं की नवा बनतो. थांबा, फॉर्म उघडताना बनवून ब्राउझरमध्ये साठवतो, टोकन छापून झाल्यावरच पुसतो.
बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, दोन्ही ठेवा, जावेकडे पाठवायचीच होती.

सुरमई फ्राय
मग माझ्यासाठी एक धरा. चार डझनाची.

खाडीकाठचा
चार डझनाच्या संपल्या. पाच डझनाच्या अकरा आहेत. बुकिंग साइटवरूनच करा, आणि बटण एकदाच दाबा.