पुष्कराज: वजन सारखंच, पण एक मधे काचेसारखा दिसतोय, कुठला घेऊ?

आईसाठी पुष्कराज बघतोय, सिलोनी (श्रीलंकेचा), दोन्ही सवापाच रत्तीचे, दोन्हींना लॅबचं कार्ड आहे, भावही जवळपास सारखाच. पहिला ११.५ × १० मिमी, उंची ५.२, मोठा दिसतो पण मधोमध फिका पडतो. दुसरा ९.५ × ८, उंची ७.५, रंग गडद पण दिसायला बारका. सराफ म्हणतात मोठा घ्या, बोटावर उठून दिसेल. कार्डावर कटबद्दल फक्त ओव्हल मिक्स्ड (लंबगोल, वर-खाली वेगळ्या पद्धतीचे पैलू) लिहिलंय, त्यावरून काय कळणार?

पैलूवेडा: काहीच नाही, तो फक्त प्रकार झाला. हिऱ्याच्या कटला ग्रेड असते तशी सर्वमान्य ग्रेड रंगीत खड्यांना नाहीये, डोळ्यांनीच बघावं लागतं. खडा छापील कागदावर पालथा नाही, सुलटा ठेवा आणि बरोब्बर वरून बघा. मधून अक्षरं वाचता आली तर ती विंडो. पुष्कराजाच्या पोटाचा, म्हणजे खालच्या निमुळत्या भागाचा, उतार ३५ अंशाच्या आत गेला की वरून आलेला प्रकाश परत फिरतच नाही, खालून निसटतो, म्हणून मधे काच दिसते. तुमचा पहिला १० रुंदीला ५.२ उंच, तिथेच चुगली झाली. फक्त खडा तिरका धरून बघू नका, थोडा कलवला की चांगल्या कटमध्येही आरपार दिसतं.

रत्ती_मासा: आणि दुसरा काय धुतल्या तांदळाचा आहे का? ८ रुंदीला ७.५ उंच म्हणजे पोट सुटलंय अक्षरशः. श्रीलंकेतलं रत्नपुरा काय जयपूर काय, कच्च्या मालातलं वजन वाचवायला पोट ठेवतातच, भाव रत्तीवर असतो ना! ते वजन अंगठीत खाली लपणार आणि पैसे तुम्ही भरणार.

सुमेधा_क: पोट नेहमी लबाडीनेच ठेवतात असं नाही हं. सिलोनी खड्यात रंग कधीकधी एकाच ठिपक्यात असतो, कारागीर तो ठिपका मुद्दाम बुडाशी ठेवतो म्हणजे वरून सगळा खडा रंगीत दिसतो. पांढऱ्या कागदावर आडवा धरून बघा. अगदी काळपट नीलमाला तर थोडा उथळ कट बरा पडतो, रंग उघडतो. पण पुष्कराज आधीच फिका, त्याला विंडो म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. आणि दुकानातल्या स्पॉटलाइटखाली ठरवू नका, तिथे सगळंच चमकतं, दारात सावलीत घेऊन जा.

प्रश्नकर्ता: आज जाऊन आलो. पहिल्यातून पावतीवरचा जीएसटी नंबर वाचता आला 😀 दुसरा आडवा धरला तर वरचा भाग चक्क पाण्यासारखा आणि पिवळेपणा सगळा टोकाशी. पहिला रिकट होईल का?

पैलूवेडा: होईल, पण उतार वाढवायचा तर रुंदी कमी करावी लागणार, वजन चांगलंच घटेल, सवापाच काही राहणार नाही. आईंना सवापाचच पाहिजे का?

प्रश्नकर्ता: गुरुजींनी सांगितलंय, त्यामुळे हो 😅 तिसरा खडा मागवलाय, रुंदीच्या ६५-७० टक्के उंचीचा असेल तरच दाखवा म्हटलं. सराफ माझ्याकडे बघतच राहिले.