पुनर्विकासात भिंतीलाच सोलर: २५ वर्षांचा हिशेब कोणी केलाय का?

गच्चीवाला, ठाणे
आमच्या पुनर्विकासाच्या प्लॅनमध्ये दक्षिणेच्या दर्शनी भिंतीला साध्या काचेऐवजी सोलर काच (वीज बनवणारी) आहे. बिल्डर म्हणतो, "काच लावायचीच आहे, वीज वर फुकट." माझा ठाम विरोध. गच्चीवर नीट कलवलेलं १ किलोवॉटचं सोलर दिवसाला सरासरी ४ युनिट देतं, उभी भिंत वर्षाकाठी साधारण त्याच्या निम्मं. ठाणे १९ अक्षांशावर. मेच्या मध्यापासून जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. ऐन एसीच्या दिवसांत भिंत सावलीत!

काचकाम
हिशेबच चुकीचा मांडलाय. काच, फ्रेम, मजुरी हा खर्च भिंतीचा, तो तसाही होणारच. सोलरच्या नावावर फक्त वरचा फरक टाका. आणि गच्ची आहे कुठे? १ किलोवॉटला १०० चौरस फूट लागतात. टाक्या, लिफ्टची खोली, जिने सोडून टॉवरच्या गच्चीवर उरतं किती?

मेंटेनन्सवाला
तो फरक पहिल्या दिवसाचा झाला हो. पुढचं काय? इन्व्हर्टर १०-१२ वर्षांनी बदलायचा, ते दोन्हीकडे सारखंच. खरी गोम पॅनलमध्ये आहे. पूर्वी २५० वॉटचं पॅनल यायचं, आता ५५० चं येतं, आकारही बदलला. गच्चीवर एक फुटलं तर स्ट्रक्चर थोडं सरकवून दुसरं बसवतात. भिंतीतला गाळा ठरलेल्या मापाचा. पंधरा वर्षांनी त्याच मापाची, रंगाची, व्होल्टेजची काच कोण बनवून देणार? शिवाय एक कनेक्टर जळाला तरी बाराव्या मजल्यावर झुला (माणसं उभी राहतात तो लोंबता पाळणा) सोडावा लागतो. पॅनलची २५ वर्षांची वॉरंटी झुल्याचे पैसे देत नाही.

काचकाम
म्हणून सुरुवातीलाच जादा काचा मागवून ठेवतात. आणि काचेमागे हवा खेळायला जागा सोडा. पॅनल २५ अंशांच्या वर तापलं की दर अंशाला ०.३-०.४ टक्के उत्पादन घटतं. हे करारात लिहून घ्या. डिझाइन फसलं म्हणून तंत्रज्ञानाला शिव्या कशाला?

गच्चीवाला, ठाणे
जादा काचा ठेवायच्या कुठे, माझ्या पार्किंगमध्ये? :)

हिशेबनीस
मी काचकामच्या बाजूने, पण अर्धाच. नवी इमारत आणि महागडी काच लागणारच असेल, तर फरकाचा हिशेब बरोबर. पण तुमच्याकडे भिंतीला मुळात प्लास्टर आणि रंग होता का? तसं असेल तर सोलरसाठी काच आणली जातेय, मग अख्खी काच सोलरच्याच खात्यात. जुना प्लॅन काढून बघा.

गच्चीवाला, ठाणे
बघितला. पहिल्या प्लॅनमध्ये टेक्श्चर पेंटच होता!

मेंटेनन्सवाला
मग आणखी एक विचारा. रेरा कायद्यात (घर घेणाऱ्यांसाठीचा) बिल्डरची दोष-दुरुस्तीची जबाबदारी ताबा दिल्यापासून ५ वर्षं. सहाव्या वर्षापासून झुला, काच, आणि शेवटी उतरवलेली पॅनल (तीही २०२२ च्या नियमांनुसार ई-कचराच) कोणाच्या खिशातून? सिंकिंग फंडातून (मोठ्या दुरुस्तीसाठी सोसायटी साठवते तो) असेल तर तो आकडा आत्ताच सभेत मागा, लेखी.