१२ वर्षांचा बोका मालकांनी शेल्टरला सोपवलाय, त्याला नवं घर मिळवून देण्यासाठी काय काय करावं?

नदीकाठची

नमस्कार. पुण्यातल्या एका छोट्या शेल्टरच्या वतीने विचारते आहे. सोन्या नावाचा देशी बोका आहे, केशरी पट्ट्यांचा, वय १२, नसबंदी झालेली. त्याला सांभाळणाऱ्या आजी लेकीकडे परगावी कायमच्या राहायला गेल्या आणि तिथे नातवाला दमा आहे. घरच्यांनी लेखी देऊन रीतसर सोपवला. आला तेव्हा वजन ५.४ किलो होतं, तीन आठवड्यांनी ४.९ भरलं. दिवसभर पिंजऱ्यातल्या लिटरच्या (शी-शूसाठीच्या खड्यांच्या) ट्रेमध्येच बसून असतो. हात पुढे केला की फिस्कारतो. ड्राय फूड हुंगून सोडून देतो, पाउचमधलं ओलं अन्न थोडंसं चाटतो. बघायला आलेले लोक "हा रागीट दिसतो" म्हणतात आणि पिल्लांकडे वळतात.

जाहिरात लगेच टाकावी की आधी तपासण्या कराव्यात? तपासणीत काही निघालं तर लोकांना सांगावं का? आणि असा बोका कोणत्या घरी द्यावा, कसा द्यावा? ज्यांनी वयस्क मांजरं दिली-घेतली आहेत त्यांनी सविस्तर लिहा, प्लीज.

तपकिरी_शेपूट

जाहिरात दोन दिवस थांबली तरी चालेल, वजन थांबणार नाही. ५.४ चे ४.९ म्हणजे नऊ टक्क्यांहून जास्त घट. साठ किलोच्या माणसाचे तीन आठवड्यांत साडेपाच किलो जावेत तसं. मांजर, त्यातही अंगाने भरलेलं मांजर, दोन-तीन दिवस जवळपास उपाशी राहिलं की शरीरातली चरबी यकृतात साठायला लागते. हिरड्या किंवा कानाच्या आतली कातडी पिवळट दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. दिसली नाही तरी या आठवड्यात डॉक्टर हवाच.

तोवर आजपासून खाणं मोजायला लागा. "थोडं खाल्लं" या नोंदीचा उपयोग नसतो. वाटी आधी आणि नंतर स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि ग्रॅम लिहा. ५ किलोच्या बोक्याला दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी लागतात, म्हणजे ड्राय फूड ६० ग्रॅमच्या आसपास किंवा ८५ ग्रॅमचे तीन पाउच. याच्या निम्म्यापेक्षा कमी सलग दोन दिवस गेलं तर भूक वाढवणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा. मिर्टाझापिन वापरतात. मांजराचा डोस ७.५ मिग्रॅ गोळीच्या पाव भागाएवढा असतो, आणि किडनी कमजोर असेल तर तो रोज देत नाहीत, एक दिवसाआड देतात. म्हणून रक्ततपासणी आधी.

तपासणीला नेताना एकाच फेरीत सगळं करून घ्या. क्रिएटिनिन, युरिया आणि एसडीएमए (तिन्ही किडनीसाठी), पूर्ण हिमोग्राम (रक्तपेशींची मोजणी), साखर, यकृताचे एन्झाइम, टी-४ (थायरॉइड), लघवीची घनता, आणि एफआयव्ही-एफईएलव्ही या मांजरांच्या दोन विषाणूंची किट टेस्ट. रक्तदाब रक्त काढायच्या आधी, शांत खोलीत मोजायला सांगा. पहिलं रीडिंग सोडून पुढच्या पाच-सहांची सरासरी घ्यायची. घाबरलेल्या मांजराचं पहिलं रीडिंग नेहमी वर असतं. वरचा आकडा १६० च्या पुढे सातत्याने येत असेल तर डोळ्यांना आणि किडनीला धोका आहे.

तोंड उघडून दात बघायला विसरू नका. खाणं हुंगून सोडणाऱ्या म्हाताऱ्या मांजरांत बऱ्याचदा दुखणं हिरडीत निघतं. दाण्याजवळ जातो, एकाच बाजूने चावतो, तोंडातून दाणा पडतो, ही लक्षणं बघा.

घरच्या घरी कोणतंही माणसांचं वेदनाशामक देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते.

मोगरा७

ट्रेमध्ये बसण्याबद्दल. तो घाणेरडा नाही आणि वेडाही झालेला नाही. उघड्या पिंजऱ्यात तीन बाजूंनी काठ असलेली ती एकच जागा आहे, म्हणून तो तिथे शिरतो. त्याला लपायला जागा द्या. पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवा, तोंड पिंजऱ्याच्या दाराकडे न करता बाजूला करा, आत आजींच्या घरातलं न धुतलेलं फडकं टाका. पिंजऱ्याच्या समोरच्या भागावर अर्ध्यापर्यंत चादर सोडा. कुत्र्यांच्या भुंकण्यापासून दूर आणि जमिनीपासून कमरेच्या उंचीवर पिंजरा असावा. बहुतेक मांजरं एक-दोन दिवसांत ट्रे सोडून खोक्यात जातात. फिस्कारणंही त्यानंतर कमी होतं, कारण मागे सरायला जागा असते. जो बोका बारा वर्षं एका माणसाच्या हातचं खात आला, त्याला अनोळखी हातांची भीती वाटणारच. लोक तिला राग समजतात आणि तो बिचारा मागे पडतो.

आणि आजच घरच्यांना फोन करा. सोपवतानाच्या कागदावर नाव, वय, लसी एवढंच लिहून घेतात, आणि जे खरं उपयोगाचं ते आजींच्या डोक्यातच राहतं. विचारायचं ते असं: कोणत्या हाकेला येतो? काय खायचा, कोणत्या वाटीत, कितीच्या ठोक्याला? दूध-पोळी खायचा का, मासे कोणते? शी-शू कुठे करायचा? हा प्रश्न फार महत्त्वाचा. आपल्याकडची कितीतरी जुनी मांजरं मोरीत जातात, कुंडीतल्या मातीत जातात, किंवा वाळूच्या घमेल्यात. अशा मांजराला सिलिका जेलचे खडे म्हणजे काय ते कळतच नाही. मोरीची सवय असेल तर नव्या घरात ट्रे आधी बाथरूममध्ये जाळीच्या शेजारी ठेवायचा. वाळूची असेल तर बारीक, बिनवासाचं लिटर घेऊन त्यात दोन ओंजळी वाळू मिसळायची आणि दर चार दिवसांनी वाळू कमी करायची. लहान मुलं, कुत्रा, पाहुणे यांच्याशी कसा वागायचा? कुशीत झोपायचा की पायाशी? कधी डॉक्टरकडे नेलं होतं, कशासाठी? लेकीला सांगून आजींचा आवाज मोबाइलवर नोंदवून घ्या, नेहमीची हाक मारतानाचा. नव्या घरी जेवणाच्या वेळी तीच हाक, तसाच सूर लावता येतो.

मासे खाणारा निघाला तर खाण्याचा प्रश्न अर्धा सुटतो. काटे काढलेला उकडलेला बांगडा आणि त्याचं कोमट पाणी पाउचवर चमचाभर घाला. मीठ, हळद, कांदा, लसूण काहीही नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. सुकट किंवा सुका बोंबील थेट देऊ नका, मीठ फार असतं. अन्न फ्रिजमधलं गार नको, अंगाएवढं कोमट हवं, कारण वास आला तरच मांजर खातं.

वेताळ_टेकडी

घर निवडणं आणि सोपवणं याबद्दल लिहितो.

शक्य असेल तर आधी फॉस्टर घर (तात्पुरतं सांभाळणारं घर) शोधा. पिंजऱ्यातल्या बोक्याची जाहिरात आणि पलंगावर पसरलेल्या बोक्याची जाहिरात यांत फार फरक पडतो, शिवाय स्वभाव खरा कसा आहे ते फॉस्टरमध्येच कळतं. पहिला शोध आजींच्या जुन्या सोसायटीत, नातेवाइकांत, त्यांच्या डॉक्टरकडे घ्या. सोन्याला ओळखणारं माणूस मिळालं तर त्यासारखं दुसरं काही नाही. नंतर निवृत्त जोडपी, घरून काम करणारे, ज्यांचं म्हातारं मांजर गेलं आहे आणि पिल्लाच्या धुडगुसाची तयारी नाही असे लोक.

फोटो बोक्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता. सोबत अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ, खाताना किंवा कुरवाळून घेताना. "शेवटची संधी", "कुणी घेत नाही" असं लिहू नका. त्याने हळहळ आणि शेअर मिळतात, घर मिळत नाही. असं लिहा: "सोन्या, १२ वर्षं, नसबंदी झालेला, लसी पूर्ण. एकाच माणसासोबत वाढलेला, शांत घर आवडतं. पहिले काही दिवस लपेल, मग हाकेला येईल. लहान मुलं आणि कुत्रे नसलेलं, खिडक्यांना जाळी असलेलं घर हवं. महिन्याला सुमारे ९० पाउच, लिटर आणि वर्षातून दोनदा तपासणी एवढा खर्च धरा." तपासणीत जे निघेल तेही लिहायचं, लपवायचं नाही. लपवलेला आजार महिन्याभरात बाहेर येतो आणि बोका परत शेल्टरला येतो. प्रत्येक परतीला वय वाढलेलं असतं.

भेट फोनवर, मग व्हिडिओ कॉलवर, मग घरी जाऊन. घरी गेल्यावर आधी खिडक्या आणि गॅलरी. बॉक्स ग्रिल पुरेसं नसतं, चार इंचांच्या गजांतून मांजर आरामात जातं. डोकं गेलं की अंग जातं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळीही दातांनी तुटते. इंचाहून लहान भोकांची तारेची जाळी हवी. भाड्याचं घर असेल तर मालकाची लेखी परवानगी बघा. घरात फिनाईलने फरशी पुसतात का ते विचारा. मांजर पंजे चाटतं आणि फिनाईल पोटात जातं. फिनाईलमधल्या रसायनाचा निचरा मांजराच्या यकृताला जमत नाही. कपाटातल्या डांबरगोळ्या, कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिनवालं गोचीड-औषध, फुलदाणीतली लिली, हे तिन्ही घातक आहेत.

फॉर्मवर आधार आणि पत्त्याचा पुरावा घ्या. पण सगळ्यात महत्त्वाचं कलम हे: जमलं नाही तर बोका इतर कुणाला न देता शेल्टरलाच परत करायचा. पहिले चार आठवडे फॉस्टर म्हणून द्या, मग अडॉप्शन पक्कं करा. आणि कुणी "आवारात सोडा, राहील" असं म्हणालं तर ठाम नाही सांगा. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये उपासमार होईल अशा परिस्थितीत प्राणी सोडून देणं गुन्हा आहे. दंड नावापुरता आहे हे खरं, पण घरात वाढलेला बारा वर्षांचा बोका रस्त्यावर टिकत नाही.

नदीकाठची

सर्वांचे मनापासून आभार. खोका ठेवला, ट्रे सोडला त्याने! घरच्यांशी बोलणं झालं. मोरीची सवय, बांगडा आवडीचा, हाक "सोनूऽऽ ये". खाणं आता रोज १७० कॅलरींपर्यंत आलंय. रिपोर्ट आले: क्रिएटिनिन २.१, लघवीची घनता १.०१८, टी-४ ठीक, एफआयव्ही-एफईएलव्ही निगेटिव्ह, रक्तदाब १५०. दात बऱ्यापैकी. डॉक्टर म्हणाले किडनीचं सुरुवातीचं आहे. रीनल फूड (किडनीच्या आजारासाठीचं खास अन्न) लगेच सुरू करायचं का? आणि एक निवृत्त जोडपं बघायला येणार आहे, त्यांच्या घरापर्यंत प्रवास तासाभराचा आहे.

तपकिरी_शेपूट

क्रिएटिनिनचा २.१ हा आकडा किडनीच्या आजाराच्या दुसऱ्या टप्प्यात बसतो (१.६ ते २.८), आणि घनता १.०३५ च्या बरीच खाली आहे म्हणजे किडनी लघवी दाट करू शकत नाही. स्नायू झिजले की क्रिएटिनिन खोटं कमी दिसतं, त्यामुळे वजन सावरल्यावर महिन्याने पुन्हा मोजा. लघवीतल्या प्रथिनांचं प्रमाण एकदा बघून घ्या. बाकी या टप्प्यावर नीट सांभाळलेली मांजरं वर्षानुवर्षं छान राहतात, हे त्या जोडप्याला आकड्यांसकट सांगा. रिपोर्टच्या प्रती द्या.

रीनल फूड आत्ता नको. घर बदलताना, मळमळ किंवा ताण असताना नवं अन्न समोर ठेवलं की मांजर त्या अन्नाची भीतीशी सांगड घालतं आणि पुढे त्याला तोंडच लावत नाही. नव्या घरी पूर्ण खायला लागल्यावर सुरू करा, जुन्या अन्नात थोडं थोडं मिसळत दोन-तीन आठवड्यांत बदला. तोवर ओलं अन्न आणि पाण्याच्या दोन-तीन वाट्या, जेवणापासून लांब ठेवलेल्या.

प्रवासासाठी डॉक्टर गॅबापेंटिन देतील, निघायच्या दोन-अडीच तास आधी. किडनीमुळे डोस नेहमीपेक्षा कमी लागेल, ते त्यांना ठरवू द्या. दुकानातून घेताना मात्र पाकीट वाचा. आपल्याकडे गॅबापेंटिनच्या कितीतरी गोळ्यांत मिथाइलकोबालामिन किंवा नॉरट्रिप्टिलिन मिसळलेलं असतं, ती नकोत, साधी कॅप्सूल हवी. माणसांच्या सिरपमध्ये झायलिटॉल असू शकतं, तेही नको.

मोगरा७

सोपवायच्या दिवशी सोबत देण्यासाठी: तेच फडकं, तोच खोका, ट्रेमधलं वापरलेलं लिटर अर्धा किलो (वासाने ट्रे ओळखतो), आठवडाभराचं तेच अन्न, आणि आजींकडून कळलेलं सगळं एका कागदावर. ट्रेचा काठ एका बाजूने दोन-तीन इंचांहून उंच नको, या वयात सांधे दुखत असतात आणि उंच काठ चढायला नको म्हणून मांजर बाहेर बसतं. ट्रे लांबीला मांजराच्या दीडपट.

पहिला आठवडा एकच खोली, दार बंद. पलंगाखाली गेला तर ओढून काढायचं नाही, जेवण पलंगाच्या कडेला ठेवायचं. त्या जोडप्यापैकी एकाने दिवसातून तीन-चारदा खोलीत जमिनीवर बसून पेपर वाचावा, बोक्याकडे टक लावून बघू नये. रात्री म्याँव म्याँव करेल, काही रात्री तसं होतं. आठवड्याभराने शिंका आणि डोळ्यांतून पाणी आलं तर बहुधा अंगात असलेला हर्पीसचा जुना विषाणू ताणाने उसळलेला असतो, खाणं सुरू असेल तर फोनवर विचारून चालतं. पण बोका ट्रेमध्ये वारंवार बसतोय आणि लघवीचा थेंबही येत नाहीये असं दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, मूत्रमार्ग अडला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो. जवळच्या चोवीस तास चालणाऱ्या दवाखान्याचा नंबर त्या कागदावर सगळ्यात वर लिहा.