२१ दिवसांचा हिशेब

नव्या वर्षाच्या संकल्पांची एक यादी कुणीतरी लिहिलीय: रोज व्यायाम, रोज कृतज्ञतेची वही, आयुष्याचं ध्येय शोधणं. वर म्हणे २१ दिवस पाळलं की सवय लागते. इतकं सोपं नाही हो ते! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात साधारण ६६ दिवस निघाले, आणि माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत फरक. मधला एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. तेव्हा १० जानेवारीला व्यायाम बुडाला म्हणून संकल्पच मोडीत काढू नका.

कृतज्ञतेची वही, म्हणजे ज्यांबद्दल आभारी वाटतं त्या गोष्टी लिहिणं, हेसुद्धा रोज हवंच असं नाही. एमन्स आणि मॅक्‌कलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या प्रयोगात एका गटाने आठवड्यातून एकदाच लिहिलं, तरी त्यांना आपल्या आयुष्याबद्दल जास्त बरं वाटलं. आयुष्याचं ध्येय शोधणं मात्र (तेही व्यायामाच्याच यादीत!) मी खोडेन आणि तिथे पुरेशी झोप लिहीन.