सिद्धांत, उपपत्ती, गृहीतक, परिकल्पना : कुठला शब्द कुठे?

प्रश्न

भाचीचा एम.एड.चा प्रबंध तपासायला माझ्याकडे आलाय. पहिल्या प्रकरणात ‘संशोधनाची गृहीतके’ आणि त्याखाली ‘संशोधनाची परिकल्पना’ अशी दोन वेगळी शीर्षकं आहेत. चौथ्या प्रकरणात मात्र ‘गृहीतक क्र. २ सिद्ध झाले’ असं लिहिलंय. ‘हायपोथेसिस’ला मराठीत हे दोन्ही शब्द वापरलेले मी वाचलेत. मग फरक काय? आणि ‘थिअरी’ला प्रत्येक ठिकाणी सिद्धांतच म्हणायचं का?

उत्तर

फरक आहे, आणि त्या प्रबंधात तो पाळायलाच हवा. शिक्षणशास्त्राच्या प्रबंधात गृहीतक म्हणजे जे तपासायचं नाही, धरून चालायचं, ते. ‘विद्यार्थ्यांनी प्रश्नावली प्रामाणिकपणे भरली आहे’ हे गृहीतक. परिकल्पना म्हणजे जे तपासायला घेतलंय ते. ‘गोष्टीरूप अध्यापनामुळे पाचवीच्या मुलांच्या वाचनवेगात लक्षणीय फरक पडत नाही’ ही परिकल्पना, तीही शून्य परिकल्पना, म्हणजे ‘फरक नाही’ असं म्हणणारी. तेव्हा चौथ्या प्रकरणातलं ‘गृहीतक’ चूक आहेच, पण ‘सिद्ध झाले’ हेही चूक. आकडे पाहून शून्य परिकल्पनेचा त्याग करता येतो किंवा करता येत नाही, एवढंच. शंभर मुलांच्या चाचणीतून काही सिद्ध होत नसतं.

अडचण आहे ती इतर विषयांत. तिथे याच ‘हायपोथेसिस’ला कुणी गृहीतक म्हणतं, कुणी अभ्युपगम. मला ‘गृहीतक’ तिथे कधीच पटलेलं नाही. ‘मला गृहीत धरू नकोस’ असं आपण कधी म्हणतो? समोरचा आपल्याला विचारतच नाही, तेव्हा. म्हणजे गृहीत धरणं हे न विचारणं झालं, आणि परिकल्पना तर विचारण्यासाठीच मांडलेली असते.

मराठीत असा गोंधळ झाला की मी नामापेक्षा क्रियापदाकडे बघतो. अटकळ, कयास, आडाखा आपण *बांधतो*. पोलीस कयास बांधतात, निकालाच्या आदल्या रात्री कार्यकर्ते आडाखे बांधतात. गृहीत *धरतो*. बीजगणितात क्ष *मानतो*. सिद्धांत *मांडतो*. आणि उपपत्ती *लावतो*. कशाची तरी उपपत्ती लावायची म्हणजे जे दिसतंय ते असंच का, याची संगती जुळवून दाखवायची. ‘थिअरी’चा बहुतेक ठिकाणी हाच तर अर्थ असतो! टिळकांनी १९०३ साली आर्यांचं मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे होतं असं मांडलं. ती उपपत्ती म्हटली की शब्द चपखल बसतो. तिला सिद्धांत म्हटलं की तो शब्द नको ते वजन देऊन जातो.

कारण ‘सिद्धांत’ या शब्दातच ‘सिद्ध’ बसलेलं आहे. चरकसंहितेच्या ‘विमानस्थान’ या विभागात त्याची व्याख्या आहे: परीक्षकांनी नाना प्रकारे पारखून, हेतूंनी साधून जो निर्णय स्थापित केला, तो सिद्धांत. किती कडक अट आहे बघा. इंग्रजीत लोक ‘ही नुसती थिअरी आहे’ म्हणून उत्क्रांतीला उडवून लावतात. मराठीत नेमकं उलटं होतं. ज्याची अजून परीक्षाही झालेली नाही त्याला आपण सिद्धांत म्हणून आधीच पास करून टाकतो. भौतिकशास्त्रातला स्ट्रिंग सिद्धांत हे त्याचं उदाहरण. प्रयोगाचा एकही थेट दाखला अजून हाती नाही, पण नावात ‘सिद्ध’.

लोणार सरोवराचं उदाहरण देतो, म्हणजे पायऱ्या दिसतील. काठावर उभं राहिलं की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचा जवळपास गोल खड्डा समोर येतो, तळाशी खारं पाणी आणि चहूबाजूंनी बेसॉल्ट. सगळं दख्खनचं पठार ज्वालामुखीच्या लाव्हाचं, तेव्हा हा खड्डाही ज्वालामुखीचाच, ही अटकळ अगदी साहजिक होती आणि बरीच वर्षं चालली. नंतर अ‍ॅरिझोनातल्या उल्काविवराशी साम्य पाहून हा उल्केच्या आघाताने झालेला असू शकेल, असं सुचवलं गेलं. ती परिकल्पना. पुढे वेधन करून तळाखालचे खडक वर काढले, त्यांत मास्केलिनाइट सापडलं. ही काच साध्या वितळण्यातून होत नाही, प्रचंड धक्क्याने खनिजाची रचनाच मोडते तेव्हा होते. १९७३ मध्ये हा पुरावा प्रसिद्ध झाला आणि आघाताची उपपत्ती पक्की झाली. आता तिला सिद्धांत म्हणा, माझी हरकत नाही. पण खड्ड्याचं वय? एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षं येतं, दुसरीने सुमारे ५ लाख ७० हजार. एकाच सरोवराच्या काठावर एक गोष्ट सिद्ध आहे आणि दुसरी वादात. दोन्हींना एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याला हे कळायचं कसं?

‘वाद’ हे आणखी एक प्रकरण. उत्क्रांतिवाद, सापेक्षतावाद, मार्क्सवाद, स्त्रीवाद, सगळ्यांना एकच शेपूट. त्यामुळे उत्क्रांती हे एखाद्या पंथाचं मत वाटू लागतं. काव्यशास्त्रात ‘वाद’ शोभतो. नाटकातून रस कसा निर्माण होतो हे सांगणारं भरताचं रससूत्र एकच, पण त्यावर लोल्लटाचा उत्पत्तिवाद, शंकुकाचा अनुमितिवाद, भट्टनायकाचा भुक्तिवाद आणि अभिनवगुप्ताचा अभिव्यक्तिवाद. तिथे एका सूत्राची चौघांनी चार प्रकारे उपपत्ती लावली आणि प्रयोगशाळेत जाऊन निवाडा करायचा प्रश्नच नव्हता. १९१९ च्या खग्रास ग्रहणात सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश किती वाकतो ते मोजलं गेलं आणि आइनस्टाइनचं गणित जुळलं. त्यानंतर त्याला ‘वाद’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘सापेक्षता सिद्धांत’ म्हणावं.

गणिताची तऱ्हा सगळ्यांहून निराळी. रीमानची परिकल्पना १८५९ ची. एका विशिष्ट फलनाची किंमत जिथे शून्य होते त्या महत्त्वाच्या जागा, म्हणजे त्याची ‘शून्यं’, सगळी एकाच रेषेवर असतात, असं ती म्हणते. संगणकाने १० लाख कोटींहून जास्त शून्यं तपासून झाली, एकही ती रेषा सोडून गेलेलं नाही. भौतिकशास्त्रात एवढ्या पुराव्यावर केव्हाच सिद्धांत झाला असता. गणिती अजून परिकल्पनाच म्हणतात, कारण सिद्धता नाही. सिद्धता मिळाली की ते प्रमेय.

प्रतिसाद

उपपत्ती हा शब्द आज कोण वापरतं? कॉलेजातली मुलं ‘थिअरी’च म्हणतात आणि ती कळते. शिवाय सिद्धांत म्हणजे सिद्ध झालेलंच, हेही अर्धंच खरं. न्याय या प्राचीन तर्कशास्त्राच्या न्यायसूत्रांत सिद्धांताचे चार प्रकार आहेत: सर्वतंत्र, प्रतितंत्र, अधिकरण आणि अभ्युपगम. प्रतितंत्र म्हणजे एका शास्त्राला मान्य, दुसऱ्याला अमान्य. अभ्युपगम तर न तपासता तूर्त मान्य केलेला.

उत्तर

न्यायसूत्रांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी चरकाची व्याख्या धरून जरा पुढे गेलो. प्रतितंत्र ध्यानात घेतलं तर फ्रेड हॉईल यांचा, विश्वाला आरंभच नाही असं सांगणारा स्थिर स्थिती सिद्धांत, ज्याच्या बाजूने आपले जयंत नारळीकर शेवटपर्यंत हिरिरीने बोलत राहिले, त्याला ‘सिद्धांत’ म्हणण्यात काही वावगं नाही. महास्फोटवाल्यांना तो अमान्य होता, एवढंच. पण हा अर्थ आजच्या वाचकाच्या कानात उरलेला नाही. त्याला ‘सिद्धांत’मध्ये ‘सिद्ध’च ऐकू येतं, आणि लिहायचं तर त्याच्यासाठी.

‘थिअरी’चं म्हणाल तर तो शब्द मीही बोलतो. पण त्याचे अर्थ मोजा. ‘उद्या थिअरीचा पेपर आहे’, म्हणजे प्रॅक्टिकल नव्हे तो. ‘त्या चोरीबद्दल तुझी काय थिअरी?’ म्हणजे तर्क. ‘ग्रुप थिअरी’ म्हणजे गणिताची एक अख्खी शाखा, तिथे दावा असा काही नसतोच. एका शब्दाला एवढी कामं दिली की नेमकं लिहिताना तो हात देत नाही. आणि उपपत्ती अवघड वाटते ती वापरात नाही म्हणून. दहावीची मुलं भूमितीच्या वहीत ‘पक्ष, साध्य, सिद्धता’ लिहितातच की. न्यायातलं ‘पर्वतावर अग्नी आहे, कारण धूर दिसतो’ हे अनुमान आठवा. त्यात पर्वत हा पक्ष आणि अग्नी हे साध्य. भूमितीत येताना पक्षाचा अर्थ सरकून ‘जे दिलेलं आहे ते’ असा झाला, पण शब्द रुळला, रोज लिहून.

मूळ प्रश्नकर्ती

म्हणजे ते वाक्य काय करू?

उत्तर

‘परिकल्पना क्र. २’ असं करा. पुढे निष्कर्ष बघून ‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात आला’ किंवा ‘त्याग करता आला नाही’ यांतलं एक. पहिल्या प्रकरणातलं ‘गृहीतके’ हे शीर्षक तसंच राहू द्या, पण त्याखालचं प्रत्येक वाक्य एकदा वाचा. एखादी परिकल्पना तिथे चुकून जाऊन बसलेली असते, माझ्याकडे आलेल्या प्रबंधांत ती बहुधा शेवटच्या क्रमांकावर सापडते.