सोफ्याचं रेक्झिन सुटलंय, गणपतीआधी काय करू?

शुक्रवार, सोसायटीच्या ग्रुपवर

मीनल (बी-३०४): फोटो बघा, पण हसू नका. तीन सीटर सोफ्याचं रेक्झिन सुटलंय. काल सासरे उठले तर पांढऱ्या लेंग्याला मागे चॉकलेटी पापुद्रे! सोफेवाला बघून गेला, कापड आणि मजुरी मिळून १६ हजार म्हणतोय. गणपतीला वीस दिवस राहिलेत. मशीन नाही, आणि बटण लावण्यापलीकडे मला शिवणकाम येत नाही. स्वस्तात काही होईल का?

प्रशांतदादा (ए-१०१): भंगारवाला रविवारी येतो.

मीनल: दादा, सांगाडा सागवानी आहे. बाबांनी उल्हासनगरहून स्वतः टेम्पोत बसून आणलेला. भंगारात नाही जायचा.

रोहिणी (सी-२०२): ऑनलाइन ते ताणून बसणारं कव्हर मिळतं ना? ते घे.

स्नेहा (बी-१०३): नको गं बाई. मी घेतलं होतं, 'सगळ्या मापांना बसेल' वालं. दोन दिवस सोफा नव्या नवरीसारखा. मग कोणी बसलं की कापड वर चढायचं, उठलं की मधे सुरकुत्यांचा ढीग. आमच्या सोफ्याचे हात रुंद, तिथे इतकं ताणलं गेलं की आतलं रेक्झिन दिसायला लागलं. परत करायला गेले तर म्हणे धुतलेला माल घेत नाही. सध्या त्यात जुन्या उशा बांधून माळ्यावर टाकल्यात.

शुभदाकाकू (ए-४०२): मीनल, आधी सांग, सीटवर बसलं की खड्डा पडतो का?

मीनल: मधल्या सीटवर पडतो काकू. कडेच्या ठीक आहेत.

शुभदाकाकू: मग मधली गादी काढून जमिनीवर ठेव आणि तिच्यावर बस. जमिनीवरही बूड टेकलं तर फोम गेला, नवा घालावा लागेल. जमिनीवर नीट वाटली तर गादी पेलणारे खालचे पट्टे सैल झालेत. मग प्लायचा तुकडा टाकला की काम झालं. सांगाड्याच्या पुढच्या आणि मागच्या पट्टीवर टेकेल एवढा घ्यायचा, नुसता पट्ट्यांवर नाही ठेवायचा. हे न करता कव्हर घातलंस तर सगळं कापड त्या खड्ड्यातच जाऊन बसेल.

मीनल: बसून बघितलं. जमिनीवर छान आहे. म्हणजे पट्टे!

सेक्रेटरी: सर्व सभासदांस कळविण्यात येते की उद्या ११ ते २ टाकीची सफाई असल्याने पाणी बंद राहील. तसेच घरगुती चर्चा कृपया वैयक्तिक कराव्यात.

शुभदाकाकू: पाणी भरून ठेवलंय भाऊ. तुमच्या सोफ्याचाही फोटो टाका.

अनिकेत (सी-५०१): रेक्झिनवर गोंद किंवा पॉलिश लावत बसू नका. जे सुटतंय तो कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा, थर आहे. दमट हवेत तो रासायनिकदृष्ट्या तुटत जातो, आणि आपल्या डोंबिवलीच्या पावसाळ्यात तर बघायलाच नको. एकदा सुरू झालं की थांबत नाही. सुटलेलं ब्रशने खरवडून काढा, वर कापड घाला.

मीनल: कोणतं कापड?

शुभदाकाकू: मोठं लिहिते, घाई करू नका. चष्मा शोधते.

शुभदाकाकू: हं. मी दोन सोफे असेच झाकलेत, एक इथला आणि एक लेकीच्या नाशिकच्या भाड्याच्या घरातला. सुईदोरा लागला नाही. लोक कापडावर पैसे घालवतात, पण कव्हर टिकतं ते दोन गोष्टींवर. खाली काय अंथरलंय आणि फटीत काय कोंबलंय.

रेक्झिन गुळगुळीत असतं, त्यावर नुसती चादर टाकलीस तर संध्याकाळपर्यंत ती जमिनीवर येते. म्हणून आधी मांजरपाट घे. जाड, कोरं, स्वस्त. एकदा गरम पाण्यात धुऊन आटवून घे आणि सीटवर अंथर. त्यावर ड्रॉवरमध्ये घालतात ती जाळीची घसरू न देणारी मॅट. ती थेट रेक्झिनवर ठेवू नकोस, उन्हाळ्यात चिकटून बसते.

मग वरचं कापड. टेप घेऊन असं माप: जमिनीपासून सीटच्या कडेपर्यंत, सीटची खोली, फटीत खोचायला १२ इंच, पाठ वर, आणि मागून खाली. माझ्या सोफ्याचे १७ + २२ + १२ + २० + ३० झाले, म्हणजे १०१. आडवं मापलं तर सीट ६६ आणि दोन्ही हातांच्या फटीत सहा-सहा, म्हणजे ७८. ९० बाय १०८ ची साधी डबल चादर आरामात बसते. पण त्याच चादरीत हातही झाकायचा हट्ट धरलास तर आडवं माप १४८ वर जातं. तेवढ्या रुंदीची चादर कुठून आणणार? हातांना वेगळे तुकडे घाल.

आता मुख्य गोष्ट. चादर सीट आणि पाठीच्या फटीत हाताने खोचली की दोन बैठकीत बाहेर येते. तिथे पाइप घालायचा. वायरिंगवाले वापरतात तो २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, सीटपेक्षा दोन इंच आखूड. टोकं पॉलिश पेपरने घासून वर जुना मोजा चढव, नाहीतर कापड कापतं. आधी चादर फटीत लोट, मग तिच्यावरून पाइप आडवा खाली दाब. तो आत अडकला की चादर हलत नाही. हातांच्या फटीतही तसेच लहान तुकडे.

मीनल: काकू, तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत? मी वर्षभर चादर सारखी करतेय.

शुभदाकाकू: विचारलंस कधी?

विजयावहिनी (बी-२०१): माहेर सोलापूरचं असल्याने बोलणं भाग आहे. वर सोलापुरी चादर घाला. उगाच नाही तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेलं. सुती, जाड, आणि वीण अशी की उलटी घातली तरी नक्षी दिसते, फक्त रंगांची अदलाबदल. म्हणजे एका चादरीत दोन सोफे. फक्त दुकानात हात लावून बघा, त्या नावावर पातळ माल भरपूर विकतात.

रोहिणी: पण एवढी मोठी मिळते का?

विजयावहिनी: डबलची मिळते, तरी टेप घेऊन जा. नाहीतर सीटला एक सिंगल, पाठीला एक. जोड फटीत लपतो.

स्नेहा: आणि सुट्या गाद्यांना?

शुभदाकाकू: शाळेच्या वह्यांना कव्हर घालायचो ना, तसंच. गादी कापडावर उलटी ठेव, समोरासमोरच्या दोन बाजू आत घे, कोपरे पाकिटासारखे दुमड, उरलेल्या बाजू वर घे. सेफ्टी पिना फक्त खालच्या बाजूला. चौकोनी तक्क्यांना तेही नको. चार कोपरे मधे आणून पुरचुंडी बांध आणि केसांचा रबर लाव, गाठ मागे जाते.

अनिकेत: इस्त्रीने चिकटणारी टेप मिळते, कडा दुमडायला बरी.

रोहिणी: बरी म्हणता? मी वेलवेटवर लावली. लव चपटी होऊन इस्त्रीचा त्रिकोण कायमचा उमटला. दिवाळीला आलेली प्रत्येक बाई त्यावर बोट ठेवून विचारायची, हे काय गं.

अनिकेत: सुतीवर लावायची वहिनी. आणि इस्त्री टेबलावर करायची, सोफ्यावर नाही. खाली फोम आहे, पेट घेईल.

स्नेहा: माझी धाकटी पिना उपटून तोंडात घालते. तिच्यासाठी?

शुभदाकाकू: मग पिना नकोतच. कोपऱ्यांना गाठी मार, किंवा कडा आत घेऊन गादी सांगाड्यात घट्ट बसव. वजनाने दबून राहतं.

प्रशांतदादा: उभ्या रेघांचं कापड घेऊ नका. कोणी बसलं की रेघा वाकड्या होतात आणि आमच्यासारख्याला दिवसभर तेच दिसतं.

मीनल: दादा, तुम्ही सोफा बघताय?

प्रशांतदादा: भंगारवाला आला नाही तर काय करू.

सोमवार

मीनल: हिशोब देते. मांजरपाट ५ मीटर ४००, जाळीची मॅट २२०, सोलापुरी डबल चादर ११५०, पाइप १२०, प्लाय घरचा, जुन्या कपाटाचा फळा. हातांना कापड घेतलंच नाही, आईच्या दोन सुती साड्या होत्या, त्या चार पदरी दुमडून टाकल्या. एकूण १८९०. बाकीच्या पैशात बाप्पाचं मखर.

मीनल: पण काकू, एक गडबड झाली. पाइप फटीत जाईना. शेवटी यांनी हात घातला तर आत काय काय निघालं! दोन पेनं, एकवीस रुपयांची चिल्लर, दिवाळीचा चिवडा (कोणत्या वर्षीचा ते विचारू नका), आणि माझं मंगळागौरीपासून हरवलेलं कानातलं.

शुभदाकाकू: ते सांगायचं राहिलं. आधी फट साफ करायची आणि शिवणींत टॉर्च मारून बघायचं. काळे ठिपके दिसले तर थांब, ढेकूण असतील. झाकलं की त्यांची मजाच.

मीनल: ठिपके नाहीत, नीट बघितलं. व्हॅक्यूम मारून दोन दिवस उघडा ठेवला, मग घातलं. पापुद्रे सुपलीभर निघाले!

स्नेहा: फोटो टाक ना!

मीनल: टाकला बघ. डावा हात थोडा तिरका आहे, माहीत आहे.

विजयावहिनी: चादर उलटी घातलीस की सुलटी?

मीनल: लाल बाजू आत. गणपतीत लाल बाहेर काढणार.

विजयावहिनी: शहाणी आहेस.

शुभदाकाकू: साड्यांवर उन्हाळ्यात घाम बसेल, आठवड्याला झटकत जा. आणि पावसात सुती धुतलंस तर तीन दिवस वाळणार नाही. आरतीला पोरं प्रसादाचे हात पुसणारच. दुसरा जोड लागेल.

सेक्रेटरी: मीनलताई, पाइप उरलाय का? आमच्याकडे चादर रोज खाली येते.

शुभदाकाकू: फोटो टाका म्हटलं होतं ना भाऊ.

मीनल: चार फुटांचा उरलाय काका, संध्याकाळी पाठवते. हॅक्सॉ मात्र प्रशांतदादांचा आहे, तो तिकडे परत द्या.